पन्हाळीतलं तेल

"वहिनी, जरा लांब सरा, वास येईल," डॉक्टर शिरगुप्पे म्हणाले आणि त्यांनी मेलेल्या कोंबडीच्या पोटावर ब्लेड फिरवलं.

मी सरले नाही. रोज सकाळी पिंजऱ्याखालची घाण उपसणारी बाई मी, मला वासाचं काय कौतुक. शेडमागच्या धुण्याच्या दगडावर ती कोंबडी उताणी पडली होती. आदल्या दिवशी तिनं अंडं दिलं होतं, तेही चांगलं थोराड. सकाळी बघते तर पिंजऱ्यात पाय वर. अंगावर जखम नाही, नाकातून पाणी नाही, हगवण नाही. तुरा तेवढा पांढुरका पडलेला. गेल्या काही दिवसांत अशा बऱ्याच गेल्या होत्या आणि गेल्या त्या सगळ्या अंड्याला पक्क्या होत्या. ज्या आळशी होत्या, त्या मजेत होत्या.

"हे बघा," डॉक्टरांनी कातडी बाजूला केली. आत नुसती पिवळी चरबी. दाबून भरलेल्या उशीगत पोट गच्च झालेलं. त्यांनी कलेजी बाहेर काढली. कलेजी लाल असते, ही हळद फासल्यासारखी होती. त्यांनी नुसता अंगठा टेकवला आणि ती ओल्या भाकरीसारखी तुटली. खाली काळं रक्त साकळलेलं.

"ही जादा खाऊन मेलीय, वहिनी. कलेजीला चरबी चढली, ती फुटली, आत रक्त झालं, संपलं. तेल किती घालताय?"

"तुम्ही सांगितलं तेवढंच. पोत्याला एक लिटर."

"नक्की?"

"माझ्या हातानं मोजून."

आमचे मालक हणमंत हाताची घडी घालून शेजारी उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यातच सगळं आलं.

तेलाचं प्रकरण डॉक्टरांनीच काढून दिलं होतं. त्या वर्षी आमच्याकडं फाल्गुनातच ऊन पेटलं. शेडचे पत्रे दुपारी हात लावू देत नव्हते. दोनशेच्या आसपास कोंबड्या, सगळ्या चोच उघडी टाकून धापा टाकायच्या आणि पिंजऱ्यापुढच्या पन्हाळीतल्या खाद्याकडं ढुंकून बघायच्या नाहीत. अंडी निम्म्यावर आली. तेव्हा डॉक्टर म्हणाले, खाद्यात थोडं तेल मिसळा. धान्य पचवताना अंगात उष्णता होते, तेलानं ती कमी होते आणि थोडं खाल्लं तरी ताकद पोचते. मला खरं वाटेना. पण आठवड्यात फरक दिसला. भरड्याची धूळ उडायची थांबली, कोंबड्या चवीनं खायला लागल्या, अंडी वाढली आणि अशी मोठी यायला लागली की ट्रेच्या खाचेत बसेनात. मालक त्या दिवसांत शीळ घालत हिंडत होते. आणि मग एकाएकी ही मर सुरू झाली. जी अंडी येत होती त्यांचं कवच असं पातळ की उचलताना बोट आत जायचं.

"तेल चांगलं आहे, पण ते मापात," डॉक्टर हात धूत म्हणाले. "कोंबडी पोट भरेपर्यंत खात नाही, अंगाला ताकद मिळेपर्यंत खाते. तेलानं ताकद लवकर मिळाली की तिचं तोंड आखडतं. मग पेंड कमी जाते, शिंपल्याचा चुरा कमी जातो. कवच कशाचं करणार ती? आणि जादाची ताकद चरबी होऊन कलेजीत बसते. पिंजऱ्यात तिला हालचाल तरी कुठं आहे?"

"पण माप बरोबर आहे म्हणते की ही," मालक म्हणाले.

"मग मलाही कोडंच आहे, हणमंतराव. तेल जास्त जात असेल, तर आज बंद करा, मी औषध देतो, महिनाभरात कळप ताळ्यावर येईल. पण तेल जास्त जात नसेल, तर हे दुसरंच काहीतरी आहे. मग मी शब्द देणार नाही."

डॉक्टरांची फटफटी रस्त्याला लागली तशी मालकांनी तोंड उघडलं.

"परवा व्यापाऱ्याची गाडी मागवतो. जित्या आहेत तोवर देऊन टाकू. कापायला तरी जातील. नंतर पुरायला खड्डे काढण्यापेक्षा बरं."

"आणि शेड?"

"शेड झाडून ठेवायचं. मी सूतगिरणीत लागतो. तू घरात बस. लई झालं."

घरात बस. मला त्या दोन शब्दांचीच धास्ती होती. मार्गशीर्षात मला मुलगा झाला होता. झाला म्हणायचं एवढंच, तो रडलाच नाही. नाक-डोळे सगळं जिथल्या तिथं, फक्त श्वास नाही. मालकांनी त्याला ओढ्याकडं नेलं आणि परत येऊन अंघोळ केली, त्यानंतर ह्या घरात त्याचा विषय कुणी काढला नाही. मला माहेर नव्हतं. आई मी शाळेत असतानाच गेलेली, वडील भावाकडं. बाळंतपण सासरीच झालं होतं. अंग सावरायच्या आधीच मी उठले आणि शेडवर आले, ती आलेच. कोंबड्या बऱ्या होत्या. त्या कसंतरी तोंड करून बघत नव्हत्या. खाद्य घाला, पाणी घाला, अंडी गोळा करा, घाण काढा. संध्याकाळी अंग इतकं दुखायचं की दुसरं काही दुखायला जागाच राहायची नाही. शेड गेलं असतं, तर मला त्या खोलीत दिवस काढावा लागला असता, जिथं तो आला आणि गेला. मला वेड लागलं असतं, हे मी आजही सांगते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक व्यापाऱ्याकडं गेले होते. मी जेवून आडवी झाले. एरवी दुपारी माझा डोळा लागायचा, कारण ती एकच वेळ आत्याबाई शेडवर जायच्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, हौसाबाई. शेडला बांधलेल्या बारदानावर पाणी मारून येते म्हणायच्या, बारदान ओलं असलं की आत जरा गारवा राहतो. मला तेवढाच विसावा. त्या दिवशी मात्र डोळा लागेना. गाडी येणार, कोंबड्या जाणार, हेच डोक्यात. मी उठले आणि उन्हातून शेडकडं गेले.

आत कुणीतरी बोलत होतं. मी दारातच थांबले.

"खा गं बाई. तुला काल दिलंच न्हाई का मी? ये, फुडं ये. रोज एक काढायचं म्हंजे काय सोपं हाय व्हय? अंगात काय ऱ्हाईल तुझ्या?"

आत्याबाईंच्या डाव्या हातात पितळी वाटी होती. उजव्या हातानं त्या वाटीतलं तेल पन्हाळीतल्या खाद्यावर सोडत होत्या आणि बोटांनी कालवत होत्या, अगदी निगुतीनं, लहान पोराला भात कालवावा तशा. एका पिंजऱ्यापुढून दुसऱ्यापुढं.

"आत्याबाई, काय करायलाय तुम्ही?"

त्या दचकल्या नाहीत. वळून म्हणाल्या, "जरा तेल घालतीया."

"किती दिवस?"

"पाडव्याच्या आधीपासनं." मग माझं तोंड बघून म्हणाल्या, "डाक्टरनं तेल दिलं आन कशा उठल्या बघ. एवढ्याशानं एवढा गुण येतुया, म्हटलं आनखी जरा घालावं. रोज पोटातनं एक काढत्यात त्या. बाळंतीण महिनाभर असती, ह्या बारमाही बाळंतिणी. बाळंतिणीला कुणी मोजून घालतंय व्हय?"

"डबा तर कमी झाला नाही."

"तुझ्या डब्याला हात लावला न्हाई मी. माझं हाय तेल. करडईचं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतके दिवस मी रात्र-रात्र माप आठवत पडत होते, माझा हात चुकतोय का म्हणून. मालकांच्या नजरेला नजर देता येत नव्हती. आणि ही बाई रोज दुपारी येऊन प्रेमानं विष घालत होती.

"तुमच्या लाडानं मेल्या त्या," मी म्हटलं. "काल डॉक्टरांनी कापून दाखवली तेव्हा कुठं होता तुम्ही? नुसती चरबी होती आत. तुम्ही मारल्या त्या आत्याबाई, आणि आता उरलेल्या कापायला जाणार. माझं काय राहिलंय दुसरं ह्या घरात?"

आत्याबाईंनी वाटीकडं बघितलं. वाटी खाली ठेवली, पदराला बोटं पुसली आणि माझ्या अंगावरून बाहेर निघून गेल्या. एक शब्द नाही. आमच्या आत्याबाई म्हणजे तोंडाला तोंड देणारी बाई, गल्लीत त्यांच्या वाटेला कुणी जायचं नाही. मला वाटलं, आता घरी जाऊन आकाशपाताळ एक करतील. मी त्या पन्हाळीतलं सगळं खाद्य पाटीत काढलं आणि कोरडं खाद्य घातलं.

संध्याकाळी मालक आले ते बूट न काढताच म्हणाले, "उद्याचं पक्कं झालं. सकाळीच येतीय गाडी. दुसऱ्या एका शेडचे पक्षी राहिले, म्हणून मोकळी आहे."

"गाडी नको," मी म्हटलं. "रोग नाही. तेल जास्त झालंय."

"कुणी घातलं?"

आत्याबाई सोप्यात सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला. मान वर झाली नाही.

आता नाव घ्यायचं होतं. दोन शब्दांचं काम होतं आणि शेड वाचत होतं. तुम्ही म्हणाल, मला त्यांची दया आली. तसं काही नाही. मला अजून रागच होता. पण मला इतका शीण आला होता की काय सांगू. नाव घेतलं की हे आईला बोलणार, आई ह्यांना बोलणार, मग जुनं-पानं सगळं निघणार आणि कधीतरी कुणीतरी माझ्या पोराचं नाव काढणार. ते ऐकायची ताकद माझ्यात नव्हती.

"मीच घातलं," मी म्हटलं.

मालकांनी आतून तेलाचा डबा आणला. त्यावर त्यांनी कोळशानं खुणा केल्या होत्या, महिन्याला किती लागतं त्याच्या. डबा माझ्यापुढं धरला. तेल खुणेला बरोबर होतं.

"शेड वाचवायला खोटं बोलतीस," ते म्हणाले. रागानं नाही, दमल्यासारखे. "मला बी काय आनंद न्हाई इंदे. पण रोज उठून मेलेलं उचलायचं मला आता होत न्हाई."

त्या रात्री घरात कुणी नीट जेवलं नाही. आत्याबाईंनी तर ताटाला हातही लावला नाही.

सकाळी उन्हं वर आली तशी गाडी आली. व्यापारी पोटानं सुटलेला, बोलायला गोड माणूस. त्यानं पहिलीच कोंबडी पायाला धरून उचलली आणि तोलून बघितली.

"काय भरल्यात हो! अंड्यावरनं उतरलेल्या कोंबड्या म्हंजे नुसती हाडं असतात. ह्या तर पाहुण्यांगत सांभाळल्यात."

मी पिंजऱ्याला धरून उभी राहिले. त्याची माणसं एकेका हातात चार-चार पाय धरून बाहेर न्यायला लागली. कोंबड्या उलट्या टांगल्या की ओरडायच्या आणि मग एकदम गप्प व्हायच्या. ते गप्प होणं मला बघवेना. मी मालकांना म्हटलं, "निदान निम्म्या ठेवा." ते गाडीकडं बघत राहिले.

तेवढ्यात आत्याबाई आल्या. डोक्यावर पदर नीट घेतलेला आणि दोन्ही हातांत धरलेला एक पत्र्याचा डबा. त्या गाडीच्या मागच्या फळीपाशी गेल्या आणि डबा फळीवर आपटला. डबा रिकाम्यासारखा वाजला.

"उतरवा त्या कोंबड्या," त्या म्हणाल्या.

"आये, मधी पडू नको," मालक म्हणाले.

"रोग न्हाई त्यांस्नी. तेल मी घातलंय. रोज दुपारचं, हिला झोप लागली की. हा डबा सपवला त्यांच्यात."

मालकांनी डब्यात डोकावून बघितलं. "कुठला डबा हा?"

"इंदीच्या बाळंतपणाचा."

मला ऐकू आलं, पण कळलं नाही. आत्याबाई माझ्याकडं बघत नव्हत्या, मालकांकडंही नाही, त्या डब्याशी बोलावं तशा बोलत होत्या.

"पोरीला आई न्हाई. म्हटलं, तिचं मलाच करायचं हाय तर कशात कमी पडू द्यायचं न्हाई. कार्तिकात माझ्या वाट्याची करडई घेऊन घाण्यावर गेले. लाकडी घाण्याचं तेल काढून आणलं. डिंक आणला, खारीक आणली, शेगडी लिंपून ठिवली. सगळं झालं. आन मग..." त्यांनी पदर तोंडाला लावला, पण पुन्हा काढला. "डिंक-खारीक दिलं कुणाकुणाला. तेल कुणाला देऊ? कणगीमागं पडलं हुतं. दिसलं की जीव खालीवर व्हायचा. पोरगी दिवसभर हितं राबायची, सुकून काटकी झालेली, तिच्याकडं बघायचं मला धाडस हुईना. मग डाक्टरनं कोंबड्यास्नी तेल दिलं. म्हटलं, ह्या बी बाळंतिणीच हायत. कुणाच्यातरी अंगी लागू दे."

गाडीवरच्या माणसाच्या हातात चार कोंबड्या उलट्या लटकत होत्या. तो तसाच उभा राहिला. व्यापाऱ्यानं टोपी काढून डोकं पुसलं आणि दुसरीकडं बघायला लागला.

मालकांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. ओढ्याकडून परत आल्यापासून हा माणूस रडला नव्हता. तेव्हाही रडले नाहीत. त्यांनी डबा उचलला, त्याच्या कडेला लागलेलं तेल अंगठ्यानं पुसलं आणि व्यापाऱ्याला म्हणाले, "उतरवा. आमचं चुकलं. तुमची खेप वाया गेली."

"राहू दे हो," व्यापारी म्हणाला. "माणसाचं घर आहे."

कोंबड्या परत पिंजऱ्यात गेल्या. गाडी गेली. मालक डॉक्टरांकडं औषध आणायला म्हणून सायकल काढून निघाले, आणि शेडच्या दारात मी आणि आत्याबाई दोघीच राहिलो.

लोकांना वाटेल, मी त्यांच्या गळ्यात पडले असेन. कसली गळ्यात पडते. माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला होता. कोंबड्यांवरून नाही, शेडवरूनही नाही. मला ते दिवस आठवत होते. पाठ मोडून आलेली, दूध येऊन छाती दगड झालेली, मी एकटी भिंतीकडं तोंड करून पडलेली आणि ही बाई दारातून भाकरीचं ताट आत सरकवून जायची. मला वाटायचं, मूल दिलं नाही म्हणून हिच्या लेखी मी बाळंतीणच नाही. चार महिने मी हे मनात धरलं होतं.

"माझं होतं ना ते तेल?" मी म्हटलं.

"व्हय."

"मग मला का नाही लावलं?"

आत्याबाई खाली बसल्या. उंबऱ्यावरच.

"तापवलं हुतं," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या दिवशी. वाटी घेऊन दारापतुर आले. तेल तापवलं की दोघांस्नी लावायचं असतं, इंदे. आधी बाळाला, मग आईला. मी चार बाळंतपणं केली, कधी एकाचंच तेल तापवलं न्हाई. एकाचंच कसं लावायचं, मला कळंना. माघारी गेले."

मी बादली उचलली आणि कोंबड्यांना पाणी घालायला आत गेले.

कोंबड्यांचं सांगायचं तर, त्यानंतरही काही मेल्या, ज्यांची कलेजी आधीच गेली होती त्या. मग मर थांबली. तेल महिनाभर बंद केलं, कोंडा वाढवला, डॉक्टरांची पूड पाण्यातून दिली. आषाढापर्यंत कवचं घट्ट झाली आणि अंडी पहिल्यासारखी नाही तरी बरीच वर आली. शेड पुढं पुष्कळ वर्षं चाललं. दर उन्हाळ्यात आम्ही तेल घालत आलो, पण मोजून, आणि ते मोजायचं काम आत्याबाईंकडं होतं. त्यांच्याइतकं काटेकोर मोजणारं मी दुसरं कुणी बघितलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी दुपारी मी घरी आले, तर आत्याबाई चुलीपुढं बसल्या होत्या आणि तो डबा त्यांनी भिंतीला तिरका टेकवून ठेवला होता. तळाला बोट भिजेल एवढं तेल एका कोपऱ्यात गोळा झालं होतं.

"ह्याचं काय करू?" त्या म्हणाल्या. "टाकवत न्हाई."

"तापवा," मी म्हटलं.

"आता? चार महिन्यांनी? आता काय उपेग त्याचा?"

"उपयोगाचं मला माहीत नाही. तापवा."

त्यांनी डबा निथळून तेल वाटीत काढलं, वाटी निखाऱ्यावर धरली आणि दार लोटून घेतलं. मी ज्या खोलीत पाऊल टाकायला भीत होते, तिथं पाट मांडला आणि त्यांच्याकडं पाठ करून बसले. चोळीच्या गाठी मला सुटेनात, त्या त्यांनीच सोडल्या. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मी मागं वळून बघितलं, तर त्या वाटीत बोटं बुडवून तशाच बसल्या होत्या.

"आधी त्याचं," त्या म्हणाल्या आणि तेलाचं एक बोट त्यांनी जमिनीला लावलं, मी बसले होते त्याच्या शेजारी. मग त्यांचा हात माझ्या पाठीवर आला. खरबरीत, गरम हात. मानेपासून कमरेपर्यंत एकदा फिरला आणि मार्गशीर्षापासून अडकून राहिलेलं माझं रडं मोठ्यानं बाहेर पडलं. रस्त्यावर ऐकू गेलं असेल.

आत्याबाईंनी गप्प हो म्हटलं नाही. त्याही रडत होत्या. पण हात थांबला नाही, वाटीतलं तेल संपेपर्यंत त्या पाठ चोळत राहिल्या.